यंत्राला शोधायला शिकवणाऱ्या ॲडमिरलबाई

यंत्रमानवांच्या प्रयोगशाळांतून ‘रॉसपॅक’ नावाचे एक छोटेसे साधन अनेक वर्षे वापरले गेले. अमेरिकेत २००७ च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘रॉस’ या प्रणालीचा तो एक भाग. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकित करायची, तीत हव्या त्या पॅकेजचे, म्हणजे तयार आज्ञावलीच्या गाठोड्याचे, नाव द्यायचे आणि एंटरची कळ दाबायची. मग हे साधन संगणकातील फोल्डरांच्या झाडावर चढे. फांदीतून उपफांदीत जाई, प्रत्येक ठिकाणी ओळखपत्रासारखी एक ठरावीक फाईल आहे का ते पाही आणि ती सापडली की त्या गाठोड्याचा पूर्ण पत्ता पडद्यावर छापी. एकदा हिंडून झालेल्या वाटा ते टिपूनही ठेवी, म्हणजे पुढच्या वेळी सगळे झाड पालथे घालायला नको. रॉसच्या त्या पिढीचा अधिकृत पाठिंबा २०२५ मध्ये संपला. नव्या पिढीत हेच काम निराळ्या नावाची साधने करतात.

काम तसे हमालीचे. माणसाने नाव सांगावे, यंत्राने वस्तू शोधून आणावी, एवढेच. पण ही हमाली माणसाची नसून यंत्राची आहे, हे कोणीतरी प्रथम ठरवावे लागले. संगणकाकडे केवळ आकडेमोड करणारे अवजड यंत्र म्हणून पाहिले जात होते, त्या १९५१-५२ च्या काळात फिलाडेल्फियातील एका कंपनीत बसून हा विचार तडीस नेणाऱ्या बाईंचे नाव ग्रेस हॉपर. अमेरिकन नौदलाच्या रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. सर्वसामान्यांना त्यांचे नाव माहीत असते ते संगणकात सापडलेल्या पतंगाच्या गोष्टीमुळे किंवा ‘कोबॉल’ या संगणकभाषेमुळे. त्यांच्या आयुष्याचे खरे सूत्र मात्र एकदा बिनचूक लिहिलेले पुन्हा लिहायला लागू नये, या ध्यासात सापडते.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती आणि पणजोबा नौदलात ॲडमिरल होऊन गेले होते. सात वर्षांची असताना या मुलीने घरातील गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ते खोलले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे खोलले, आणि असे करता करता घरातली सातही घड्याळे सुटी झाली. आईच्या लक्षात आल्यावर शिक्षा झाली ती एवढीच, की यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल! रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे वडिलांचे दोन्ही पाय पुढे कापावे लागले. आपल्या मुलींना मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेतही ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती.

लॅटिनच्या परीक्षेत नापास झाल्यामुळे ग्रेस यांचा महाविद्यालय प्रवेश एक वर्ष लांबला. व्हासर कॉलेजातून त्या १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम.ए. आणि १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या प्राध्यापकांशी त्यांचा विवाह झाला होता आणि १९३१ पासून त्या व्हासरमध्येच शिकवूही लागल्या होत्या. आरंभीचा पगार वर्षाला ८०० डॉलर. दहा वर्षांत त्या सहयोगी प्राध्यापक झाल्या. युद्ध आले नसते तर त्यांचे उर्वरित आयुष्य बहुधा याच आवारात गेले असते.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि ग्रेसबाईंनी नौदलात जायचे ठरवले. नौदलाने आधी नकार दिला. चौतिशी उलटलेली आणि वजन ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांचा देशाला वर्गातच अधिक उपयोग आहे, असे सरकारचे मत होते. बाईंनी महाविद्यालयातून रजा काढली, वजनाच्या अटीतून सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक जहाजावर न होता हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात झाली.

तेथे हॉवर्ड एकन यांचे ‘मार्क वन’ हे यंत्र उभे होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे पाच टन वजनाचे हे धूड सेकंदाला तीन बेरजा करी. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. एकन हे कडक शिस्तीचे गृहस्थ. नव्या अधिकाऱ्याला यंत्र दाखवून त्यांनी लगेच पहिले गणित सोपवले आणि उत्तरासाठी मुदत दिली एका आठवड्याची. रिचर्ड ब्लॉख आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण अधिकारी आधीपासून तेथे होते. त्यांच्याकडून बाई यंत्र शिकल्या. पुढे एकन यांनी यंत्राची मार्गदर्शिका लिहिण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात मारले. रोज लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागे. पाचशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच तळघरात त्या ध्यासाचे मूळ आहे. युद्धाची गणिते निकडीची होती. तोफांचे तक्ते, सुरुंगांचे हिशेब येत. १९४४ च्या उन्हाळ्याअखेरीस जॉन फॉन नॉयमन हे अणुबॉम्बच्या संशोधनातील एक गणित घेऊन येऊन गेले. प्रत्येक गणितात साईन, कोसाईन, घातांक यांसारखे तेच ते तुकडे लागत. ते नव्याने लिहीत बसायला कोणाला सवड नसे. म्हणून हे तिघे वह्या ठेवू लागले. एखादा तुकडा यंत्रावर चालला, बिनचूक ठरला, की तो वहीत उतरवायचा. पुढच्या वेळी लागला की वही चाळायची, आपल्याकडे नसला तर शेजारच्या टेबलावरची वही मागायची आणि तो तुकडा नक्कलून घ्यायचा. संगणकविश्वातील ‘लायब्ररी’ची ही अगदी प्राथमिक अवस्था म्हणता येईल.

या वह्यांच्या पद्धतीत दोन दोष होते. एक म्हणजे माणसाला नक्कल धड करता येत नाही. दुसरा, त्याहून त्रासाचा, म्हणजे तुकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला की त्यातील सगळे पत्ते बदलावे लागत. मूळ तुकड्याने एखादी संख्या पाचव्या घरातून उचलली असेल, तर नव्या जागी ती कदाचित दोनशे पाचव्या घरात असे. म्हणजे प्रत्येक ओळीत बेरीज आली. आणि घाईत, थकलेल्या माणसाच्या हातून साध्या बेरजाच सर्वांत जास्त चुकतात, हे गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईंच्या चांगलेच लक्षात आले.

पतंगाची गोष्ट यानंतरची. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ते पान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. तो पतंग हॉपरबाईंनी स्वतः शोधला नव्हता आणि दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीतही त्याहून कितीतरी जुनी, एडिसनच्या काळापासूनची आहे. बाईंना ही गोष्ट रंगवून सांगायला आवडे, त्यामुळे ती त्यांच्या नावावर जमा झाली. असो.

युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांचा घटस्फोट झाला. नौदलाच्या नियमित सेवेत येण्याची त्यांची इच्छा वयाच्या अटीमुळे पुरी झाली नाही. व्हासरने पुन्हा बोलावले होते, पण बाईंनी हार्वर्डमध्येच राहणे पसंत केले. तेथे त्यांना कायमचे पद मिळणे शक्य नव्हते आणि १९४९ मध्ये मुदत संपली. हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ. मद्यपान वाढले होते आणि त्याच वर्षी दारूच्या नशेत असताना पोलिसांनी त्यांना ताब्यात घेण्यापर्यंत वेळ आली. मित्रांनी सावरून धरले म्हणून त्या सावरल्या. थोरांच्या चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण चाळिशी ओलांडलेली, घर आणि नोकरी दोन्ही गमावलेली ही बाई पुढच्या तीन वर्षांत काय करून दाखवते, हे समजण्यासाठी तो ठाऊक असणे आवश्यक आहे.

१९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत वरिष्ठ गणितज्ञ म्हणून दाखल झाल्या. कंपनी कर्जात बुडालेली होती. १९५० मध्ये ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये ‘युनिव्हॅक’ हा संगणक अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे सुपूर्द झाला. युनिव्हॅकच्या स्मृतीत एक हजार घरे होती आणि प्रत्येक घरात बारा अक्षरे मावत. फीत आता कागदी राहिली नव्हती, चुंबकीय झाली होती. यंत्र हार्वर्डच्या धुडापेक्षा कितीतरी वेगवान होते, पण माणसे तीच होती. त्यांच्या हातून नक्कल करताना ४ या अंकाचा त्रिकोण होई. हे त्रिकोणी चिन्ह रिकाम्या जागेसाठी वापरले जाई. ‘बी’ या अक्षराचे १३ होत. स्वतः बाईंचीही गत निराळी नव्हती. आधीच्या ‘बायनॅक’ या यंत्रासाठी आठाच्या पायावरील अंकपद्धतीत काम करायची इतकी सवय जडली, की त्यांच्या बँकेच्या चेकबुकातील शिल्लक महिनोन्महिने जुळेना. वजाबाकीही त्याच पद्धतीने होते आहे, हे शेवटी बँकेच्या व्यवहारातील जाणकार भावाने शोधून काढले.

या सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी ‘एडसॅक’ संगणकासाठी उपआज्ञावलींचा, म्हणजे सबरुटीनांचा, मोठा संग्रह उभा केला होता. १९५१ पर्यंत त्यांच्याकडे ८७ सबरुटीने झाली होती. प्रत्येकाची वेगळी कागदी फीत असे, त्या कपाटात नीट लावून ठेवलेल्या असत आणि याच विषयावरचे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. पत्ते बदलण्याचे काम एडसॅकच्या आरंभीच्या आज्ञा करून घेत. श्रेय द्यायचे तर या तिघांना पहिले द्यावे लागेल. पण केंब्रिजमध्ये कपाटापर्यंत चालत जाऊन फीत काढायची ती माणसानेच. ग्रेस हॉपर यांनी ही चालच रद्द केली.

‘ए-झीरो’ या नावाने १९५१-५२ मध्ये त्यांनी जे रचले, त्याची कल्पना ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तपासून बिनचूक ठरलेली सर्व सबरुटीने एका चुंबकीय फितीवर ओळीने नोंदवली. ग्रंथालयातील पुस्तकांना असतात तसे प्रत्येकाला क्रमांक दिले. गणित सोडवू पाहणाऱ्याने फक्त एक यादी करायची. कोणत्या क्रमांकाचे सबरुटीन हवे, त्यात कोणत्या संख्या घालायच्या, उत्तर कोठे ठेवायचे, एवढीच माहिती त्या यादीत. यादी दिली की यंत्र फीत धावडवून तो क्रमांक शोधी, तुकडा उचलून आणी, त्यातील पत्त्यांत हवी ती भर घाली आणि एकापुढे एक तुकडे जोडून संपूर्ण आज्ञावली दुसऱ्या फितीवर तयार ठेवी. हार्वर्डच्या तळघरात तिघे जण वह्या चाळून जे करीत, तेच हे काम. फक्त यंत्र ४ चा त्रिकोण करीत नसे.

एक पेच मात्र उरला होता. यंत्र यादी वरून खाली एकदाच वाची. मागच्या तुकड्याकडे परत उडी मारायची असेल तर त्याचा पत्ता ठाऊक असे. पण अजून न आलेल्या, पुढच्या तुकड्याकडे उडी मारायची तर कोठे? बाई महाविद्यालयात बास्केटबॉल खेळत. पुढे धावत जाणाऱ्या सहकाऱ्यासाठी चेंडू आधीच एका मोकळ्या जागी टाकायचा आणि त्याने तो तेथे गाठायचा, ही खेळातली युक्ती त्यांना आठवली. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक तटस्थ कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्याकडे वळवायची आणि तो पुढचा तुकडा प्रत्यक्ष जागेवर बसला की कोपऱ्यात त्याचा खरा पत्ता लिहून ठेवायचा. उत्तर साधे होते.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी यावर निबंध सादर केला. संगणकालाही शिक्षण देता येते, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. प्रतिसाद थंड होता. संगणक अंकगणित करतो, आज्ञावली लिहिणे हे बुद्धीचे काम आहे, ते यंत्र कसे करील, असा त्या काळच्या जाणकारांचा सूर. आज्ञावली लिहिणाऱ्यांचा एक छोटा, स्वतःला वैदू समजणारा वर्ग तयार झाला होता आणि आपली विद्या यंत्राच्या हाती जाणे त्याला रुचणारे नव्हते, हेही त्यामागचे एक कारण. बाईंनी चर्चा फार वाढवली नाही. १९५३ च्या अखेरीस ‘ए-टू’ ही सुधारित आवृत्ती त्यांनी युनिव्हॅकच्या ग्राहकांना दिली, तिची मूळ आज्ञावलीही बरोबर दिली आणि सुधारणा सुचल्यास कळवाव्यात असे आवाहन केले. आज ज्याला मुक्त स्रोत म्हणतात, त्याचे हे बरेच जुने उदाहरण.

ए-झीरोला जगातील पहिला कंपायलर म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द या अर्थाने रूढ केला बाईंनीच, हे खरे. कंपायलर म्हणजे तुकडे गोळा करून संकलन करणारा. पण पुढे त्या शब्दाचा अर्थ बदलला. माणसाने लिहिलेल्या सूत्रांचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा तो कंपायलर, असे आज आपण समजतो. त्या अर्थाने इंग्लंडमधील ॲलिक ग्लेनी यांचा १९५२ चा ऑटोकोड आणि जॉन बॅकस यांचा १९५७ चा फोरट्रान यांचा दावा अधिक बळकट ठरतो. आजच्या परिभाषेत ए-झीरोला लिंकर आणि लोडर म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखकाला यात बाईंचे काही कमी झालेसे वाटत नाही. भाषांतर करणारे पुढे अनेक निघाले. शोधून आणण्याचे आणि जोडून देण्याचे काम यंत्राच्या गळ्यात घालणे हीच तर त्यांची स्वतःची कामगिरी. रॉसपॅक शोधतो ते नावाने, ए-झीरो शोधी ते क्रमांकाने. एकाला झाड पालथे घालावे लागे, दुसऱ्याला सरळ फीत. फरक तेवढाच.

यानंतरचे बरेचसे सर्वश्रुत आहे. क्रमांकांऐवजी शब्द वापरता आले तर व्यापारी पेढ्यांतील माणसेही संगणक वापरतील, हा विचार ‘फ्लो-मॅटिक’मध्ये उतरला. १९५५ च्या सुमारास वरिष्ठांना प्रात्यक्षिक दाखवताना बाईंनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. अमेरिकन यंत्राला परकी भाषा समजते म्हटल्यावर वरिष्ठ चांगलेच बिथरले आणि पुढे केवळ इंग्रजीच चालेल असे आश्वासन द्यावे लागले. यंत्राच्या दृष्टीने इंग्रजी शब्दही चिन्हेच आणि फ्रेंचही चिन्हेच, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये झालेल्या बैठकीतून व्यापारासाठी एक सामायिक संगणकभाषा तयार करण्याचे ठरले आणि कोबॉल जन्माला आली. तिची रचना एका समितीने केली. हॉपरबाई तिच्या कार्यकारी गटात नव्हत्या, सल्लागार होत्या, परंतु भाषेचा साचा बव्हंशी फ्लो-मॅटिकचाच होता. त्यांना कोबॉलची जननी म्हणणे ही अतिशयोक्ती असली, तरी आजी म्हणायला हरकत नसावी. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. एकदा लिहिलेले दुसऱ्या यंत्रासाठीही पुन्हा लिहायला नको, हे प्रथमच सिद्ध झाले.

१९६६ च्या अखेरीस, साठी पूर्ण झाल्यावर, नौदलाच्या राखीव दलाने त्यांना निवृत्त केले. प्रत्येक संगणक कंपनीने तोवर कोबॉलची आपापली बोली तयार केली होती आणि नौदलाचे हिशेब एकमेकांशी बोलेनासे झाले होते. ऑगस्ट १९६७ मध्ये बाईंना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. ते सहा महिने, मधला एक खंड वगळता, एकोणीस वर्षे लांबले. त्यांनी कोबॉलची तपासणी करणाऱ्या चाचण्या तयार करवून घेतल्या. ज्या कंपनीचा कंपायलर त्यात उतरेल, तोच घ्यायचा. १९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या आणि १९८३ मध्ये कमोडोर. १९८५ मध्ये त्या पदालाच रिअर ॲडमिरल हे नाव मिळाले. कार्यालयातील भिंतीवर त्यांनी उलटे चालणारे घड्याळ लावले होते. व्याख्यानाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारांचे तुकडे बरोबर नेऊन श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश जास्तीत जास्त इतकेच अंतर जातो, हे हाताला कळावे म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टनच्या बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. ७९ वर्षांच्या हॉपर त्या वेळी अमेरिकन नौदलातील सर्वांत वयोवृद्ध कार्यरत अधिकारी होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या हिंडत राहिल्या. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र पाहायची, अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्या अनेकांना बोलून दाखवीत. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, आर्लिंग्टन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तेथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची एक युद्धनौका नौदलात दाखल झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

त्यांना पाहायच्या असलेल्या त्या रात्री मुंबई-पुण्यातील कितीतरी तरुण कचेऱ्यांत जागत बसले होते. वायटूके! कोबॉलच्या जुन्या आज्ञावलींत वर्षासाठी दोनच आकडे ठेवलेले, त्यामुळे २००० साल उजाडताच ००. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गल्लोगल्लीच्या क्लासांतून कोबॉल शिकून या कामाला लागलेले वाचक आजही भेटतात. त्यांना विचारावे. तारखेची रचना जेथे सामायिक तुकड्यात लिहून कोबॉलच्या ‘कॉपी’ या आज्ञेने सगळीकडे घेतलेली होती, तेथे एका ठिकाणी दुरुस्ती करून आज्ञावल्या पुन्हा कंपाईल केल्या की शेकडो ठिकाणचा तो भाग सुधारे. जेथे कोणी घाईत तो तुकडा हाताने पुन्हा लिहिला होता, तेथे लाखो ओळी चाळून एकेक जागा शोधावी लागली.